इनकमिंगचे पैसे

९६५ कुवेत, ९६६ सौदी, ९६८ ओमान, ९७१ दुबई-शारजा, ९७३ बहारीन, ९७४ कतार. झोपेतून उठवून विचारलं तरी हे आकडे मी आजही सांगेन. चिपळूणच्या बाजारपेठेत आमचा एसटीडी-आयएसडी-पीसीओ बूथ होता आणि १९९२ पासून सतरा वर्षं त्या काउंटरवर मी बसले. बाबा एसटीत कंडक्टर होते. अपघातात त्यांचा पाय गेला, नोकरी सुटली. बूथ वाटताना अपंगांना प्राधान्य असायचं, म्हणून त्यांच्या नावावर बूथ मिळाला. पण दिवसभर बसून राहणं त्यांना झेपेना. मी बारावी होऊन घरीच होते, मग मी बसू लागले ती बसलेच.

आता त्याच गाळ्यात माझं झेरॉक्सचं आणि रिचार्जचं दुकान आहे. गेल्या महिन्यात कालुस्ते गावच्या एक चाची आल्या. बटणांचा साधा फोन पुढे केला आणि म्हणाल्या, "बघ गं, आठवडा झाला पोराचा फोन नाही. बिघडला काय?" फोनला काही झालेलं नव्हतं. रिचार्जची मुदत संपली होती आणि इनकमिंग बंद झालं होतं. चाची कधी कोणाला फोन लावत नाहीत, त्यांना नंबर लावताच येत नाही. त्या फक्त आलेला फोन घेतात. तरी त्यांना पैसे भरायचे होते.

ज्याला फोन येतो त्याने पैसे का भरायचे, हा प्रश्न माझ्या काउंटरवर एवढ्या वर्षांत वेगवेगळ्या रूपांत येऊन गेला आहे. बोलण्याचा दर कसा उतरला हे सगळेच सांगतात. घेणाऱ्याच्या खिशाचं काय झालं हे कोणी सांगत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

बूथच्या आधीचा काळ मी बाबांकडून ऐकलेला. मुंबईला बोलायचं तर तार ऑफिसात जाऊन ट्रंक कॉल बुक करायचा. साधा कॉल लावला तर सकाळचा संध्याकाळी लागे, कधी लागतही नसे. घाई असेल तर अर्जंट, त्याला दुप्पट पैसे. त्याहून घाई असेल तर लाइटनिंग, म्हणजे आठपट. आजोबा मुंबईत वारले तेव्हा काकांनी लाइटनिंग लावला होता. आमच्या आळीत एकाच वाण्याकडे फोन. तिथून मुलगा धावत आला आणि बाबा पोचेपर्यंत तीन मिनिटं संपून गेली होती. निरोप वाण्याने सांगितला. लग्नपत्रिकांवर असे दुसऱ्याचे नंबर छापत आणि पुढे 'पी.पी.' लिहीत. शेजाऱ्याचा फोन हा तेव्हा साऱ्या आळीचा फोन होता. तो घेण्याचे पैसे वाण्याने कधी मागितले नाहीत, असं बाबा नेहमी सांगत.

ऑपरेटरशिवाय थेट नंबर फिरवायची सोय, म्हणजे एसटीडी, देशात १९६० साली लखनौ आणि कानपूरच्या दरम्यान सुरू झाली. कोकणातल्या गावांपर्यंत ती यायला पुढची तीसेक वर्षं गेली. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली, ती उभारणाऱ्या सॅम पित्रोदांचं नाव घरोघरी झालं, धूळ आणि उकाडा सोसणारी देशी एक्स्चेंजं बनली. मग रस्त्याच्या कडेला पिवळ्या पाट्या उगवल्या. आमची पाटी खाडीच्या खाऱ्या हवेने दर दोन वर्षांनी गंजायची, पण ती रंगवायला बाबा स्वतः कुबडी घेऊन उभे राहायचे.

बूथ म्हणजे प्लायवूडची एक केबिन, पुढे काच, आत एक स्टूल. पंखा बसवायला जागाच नव्हती, त्यामुळे मे महिन्यात माणूस बाहेर येई तो घामाने निथळत. काउंटरवर लाल आकड्यांचा मीटर आणि त्याला जोडलेला छोटा प्रिंटर. समोरच्याने फोन उचलला की एक्स्चेंजमधून लाइनीवर खूण यायची आणि मीटर पडायला लागायचा. सगळा हिशेब युनिटांचा. युनिटाची किंमत ठरलेली, पण ते किती सेकंद टिकेल ते अंतरावर आणि वेळेवर. रात्री अकरानंतर पाव दर असायचा, म्हणजे तेच युनिट चौपट लांबायचं. म्हणून मुंबईला बोलणाऱ्यांची रांग साडेदहापासून लागे. मी घड्याळ आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर लावून ठेवायचे, पण खरं घड्याळ एक्स्चेंजचं. अकराला एक मिनिट कमी असताना कोणी घाईने नंबर फिरवला तर मी हात धरून थांबवायचे. म्हातारी माणसं खुर्चीतच पेंगायची. बाहेर पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा वास, आणि अकरा वाजले की सगळे एकदम जागे.

आखाताच्या फोनला मात्र युनिट सेकंदा-दीड सेकंदाला पडायचं. मिनिटाला साठ-सत्तर रुपये. तेव्हा आमच्याकडे बांधकामावरच्या गड्याला दिवसभराची मजुरी त्याहून कमी मिळायची. कालुस्ते, गोवळकोट, खेड, दापोली, हा सगळा पट्टा आखातावर जगणारा. घराघरातला एक पुरुष तिकडे. बायका पदराच्या टोकाला नाहीतर रुमालात शंभर-दोनशे रुपये बांधून यायच्या आणि सांगायच्या, "शंभर झाले की काच वाजव." मी पाच रुपयांचं नाणं हातात धरून बसायचे आणि मीटर नव्वदावर गेला की काचेवर टकटक करायचे. आत काय बोलायचं ते त्या घरून घोकून आलेल्या असत. मुलाची फी, विहिरीचं काम, सासूचं ऑपरेशन, ड्राफ्ट मिळाला का. त्यातले पहिले पंधरा रुपये "हॅलो, ऐकू येतंय का" यातच जात, कारण आवाज उपग्रहावरून फिरून यायचा आणि दोघं एकाच वेळी बोलून एकाच वेळी गप्प होत. मनातलं बोलायचं ते कॅसेटमध्ये. घरी टेपरेकॉर्डरवर साठ मिनिटांची कॅसेट भरायची आणि गावातला कोणी तिकडे निघाला की त्याच्या सामानातून पाठवायची.

एक दिवस मी विसरू शकत नाही. एक तरुण मुलगी आठ महिन्यांचं बाळ घेऊन आली. नवऱ्याने बाळाला पाहिलंच नव्हतं, ते जन्मायच्या आधी तो गेला होता. फोन लागला. तिने "घ्या" एवढंच म्हटलं आणि रिसीव्हर बाळाच्या तोंडाशी धरला. बाळ काही बोलेना. डोळे मोठे करून काचेतून माझ्याकडे बघत बसलं. मीटर पळतोय, ती बाळाला गुदगुल्या करतेय, नाव घेतेय, बाळ गप्प. पलीकडे तो "हॅलो, हॅलो" करत असणार. एक मिनिट गेलं. शेवटी तिने बाळाच्या मांडीला चिमटा काढला. बाळाने भोकाड पसरलं. तिने ते रडणं त्याला ऐकवलं, ठेवते म्हणाली आणि फोन ठेवला. अडुसष्ट रुपयांची पावती निघाली. बाहेर आल्यावर तीही रडत होती आणि बाळाची मांडी चोळत होती. मी ते पैसे घेतले. घ्यावेच लागत, मीटरला सवलत माहीत नव्हती आणि महिनाअखेर बिल आम्हालाच भरायचं होतं.

इतके पैसे का लागत, हे मला पुढे कळलं. परदेशी फोनचा सगळा कारभार विदेश संचार निगम या एकट्या सरकारी कंपनीकडे होता. मुंबईत फोर्टमध्ये त्यांची उंच इमारत, आणि पुणे जिल्ह्यातल्या आर्वीला मोठी तबकडी. दोन देश एकमेकांना मिनिटामागे पैसे द्यायचे ते वेगळंच. शिवाय लांबच्या फोनवर जास्त आकारून त्यातून गावातल्या गावातला फोन आणि भाडं स्वस्त ठेवायचं, हे सरकारचं उघड धोरण होतं. म्हणजे बाजारपेठेतला व्यापारी गावात स्वस्तात बोलायचा त्याचा भार कालुस्त्याची ती मुलगी उचलत होती. धोरण वाईट हेतूचं होतं असं मी म्हणणार नाही. खेड्यात एक्स्चेंजं त्याच पैशांतून उभी राहिली. पण ज्याचं माणूस सर्वांत लांब त्याच्याकडून सर्वांत जास्त घ्यायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

आता इनकमिंगचं. आखातात तेव्हा शुक्रवारी सुट्टी असायची. तिकडचे लोक ठरवून शुक्रवारी दुपारनंतर आमच्या बूथवर फोन करत, कारण पगार तिकडे आणि पैसे तिकडून खर्च झालेले बरे. घरच्या बायका वेळेआधी येऊन बाकावर बसत. कोणी आली नसेल तर मुलगा पाठवून बोलावून घ्यायचं. बाबांनी त्याचे दोन रुपये ठेवले होते. लाइन अडते, मुलाला द्यावे लागतात, त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. एका शुक्रवारी एक बाई चार ते सात बसून होत्या, फोन आलाच नाही. पुढच्या शुक्रवारी आला. बोलून बाहेर आल्या आणि त्यांनी काउंटरवर चार रुपये ठेवले, दोन मागच्या वेळच्या बसण्याचे. मी सगळे परत केले. म्हटलं, "तुम्हाला फोन आलाय, तुम्ही लावला नाहीत. तुमचे पैसे कसले?" बाबा रात्री रागावले. सकाळी स्वतःच म्हणाले की वाण्यानेही कधी घेतले नव्हते. त्या दिवसापासून आमच्याकडे इनकमिंगला पैसे लागले नाहीत.

मोबाइल आला आणि तोच प्रश्न उलट्या बाजूने आला. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा, कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला. आमच्याकडे मोबाइल दिसायला पुढची चार-पाच वर्षं लागली. त्यात करणाऱ्याला पैसे आणि घेणाऱ्यालाही पैसे. बाजारपेठेतले मोबाइलवाले व्यापारी फोन वाजला की नंबर बघून कट करायचे आणि धावत आमच्या बूथवर येऊन उलट फोन लावायचे. काही दिवस धंदा त्यावरच चालला. मे २००३ पासून नियम बदलला. करील त्याने भरावं, इनकमिंग फुकट. त्याच्या आधीच, १ एप्रिल २००२ ला, परदेशी फोनवरची विदेश संचारची मक्तेदारी संपली होती आणि आयएसडीचे दर झपाट्याने उतरले होते. मग मिस कॉलचं युग आलं. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे फोन कर. २००५ च्या शेवटी ९९९ रुपयांत लाइफटाइम सिम निघाली. एकदा भरा, जन्मभर फोन घ्या. आईने तसं सिम घेतलं, कारण दादा तोवर शारजात होता. ते ९९९ रुपये तिने मटकीच्या डब्यातून काढून दिले होते आणि "जन्मभर ना?" असं मला तीनदा विचारून घेतलं होतं.

२००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा दर आणला, बाकीचे मागोमाग आले. त्याच वर्षी आम्ही बूथ बंद केला. मीटर कोणी विकत घेईना, तो माळ्यावर ठेवला.

इंटरनेटवरून बोलणं आमच्या गावात सायबर कॅफेतून आलं. सरकारने इंटरनेट टेलिफोनीला २००२ च्या त्याच एप्रिलमध्ये परवानगी दिली. संगणकावरून संगणकाला बोला, परदेशातल्या फोनलाही लावा, पण देशातल्या देशात संगणकावरून फोनला लावायचं नाही, अशी अट होती. मुलं कानाला हेडफोन लावून याहू मेसेंजरवर बोलायची. आवाज डब्यातून आल्यासारखा. २००३ मध्ये स्काइप आलं आणि आवाज माणसासारखा झाला. मला यात काय वेगळं आहे ते एका बीएसएनएलच्या लाइनमनने समजावलं. फोन लावला की आपल्यासाठी एक अख्खा रस्ता अडवला जातो, आपण गप्प बसलो तरी तो अडलेलाच, म्हणून मिनिटाचे पैसे. नेटवर आवाजाचे बारीक तुकडे होतात, ते इतरांच्या पत्रांबरोबर, चित्रांबरोबर त्याच रस्त्याने जातात आणि पलीकडे जोडले जातात. त्यामुळे गुहागर काय आणि शारजा काय, दर एकच. हे ऐकून मी थोडा वेळ गप्प बसले होते. सतरा वर्षं मी अंतर विकत होते. आणि अंतर तर तेच राहिलं होतं. वाटही जुनीच, अमिरातीतल्या फुजैराहून मुंबईला समुद्रातून येणारी 'फ्लॅग' नावाची केबल १९९७ पासूनच होती.

पण खरा बदल हातातल्या फोनने केला, आणि इथे घेणाऱ्याचे पैसे गुपचूप परत आले. व्हॉट्सअॅपवर बोलायची सोय २०१५ मध्ये आली, चित्रासह बोलायची नोव्हेंबर २०१६ मध्ये. आमच्या भागात त्याआधीपासून इमो नावाचं अॅप चालायचं, कारण टू-जीवरही ते तग धरायचं. कॉल 'फ्री' असं सगळे म्हणायचे. तो फ्री नव्हता. नुसत्या बोलण्याला मिनिटाला अर्धा-एक एमबी, चित्र असेल तर पाच एमबी आणि वर. आणि तो डेटा दोघांचा जातो. जो फोन करतो त्याचाही आणि जो घेतो त्याचाही. इतकंच नाही, फोन यावा म्हणून घेणाऱ्याने नेट आधीपासून चालू ठेवून बसायचं. पूर्वी बायका बाकावर बसून वाट बघत, आता डेटा चालू ठेवून वाट बघायला लागल्या, आणि वाट बघण्याचाही मीटर पडायला लागला.

दूरसंचार नियामक ट्रायच्या आकड्यांप्रमाणे २०१४ मध्ये एक जीबी सरासरी २६९ रुपयांना पडत होता. माझ्याकडे बायका एक जीबी घेत नसत, पंचवीस-तीस रुपयांचा छोटा पॅक घेत. एक ताई पॅक मारून घरी गेल्या, रात्री नवऱ्याचा फोन यायचा होता. तासाभरात पॅक संपला, वर मूळ बॅलन्सही गेला. फोनमधली अॅपं आपोआप अपडेट होत होती. कंपनीच्या नंबरवर मी स्वतः तक्रार केली, वापर झाला आहे एवढंच उत्तर मिळालं. तेव्हापासून मी प्रत्येकीच्या फोनमध्ये जाऊन अपडेट बंद करून द्यायला लागले, आणि वरून बोट ओढून नेट कसं चालू-बंद करायचं ते शिकवायला लागले. ज्या बायकांना मी काच वाजवून सांगायचे, त्यांच्या मुलींना मी हे शिकवत होते.

त्याच सुमारास दिल्लीत एक लढाई झाली आणि ती आमच्यासाठी फार मोलाची होती, जरी गावात तेव्हा फारसा कोणाला पत्ता नव्हता. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने जाहीर केलं की नेटवरून बोलायचं तर वेगळा दर, ७५ एमबीचा ७५ रुपयांचा पॅक. ओरड झाली आणि काही दिवसांतच ते मागे घ्यावं लागलं. मार्च २०१५ मध्ये ट्रायने लोकांची मतं मागवली. दहा लाखांवर ईमेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने आदेश काढला की डेटा कशासाठी वापरता यावरून वेगळा दर लावता येणार नाही. तो आदेश नसता तर दादाशी बोलायचा एमबी आणि बातम्या वाचायचा एमबी वेगवेगळ्या भावाने विकला गेला असता. ते ईमेल पाठवणाऱ्यांचे उपकार आहेत. त्यात आमच्या चिपळूणची दोन पोरंही होती, माझ्याच दुकानात बसून त्यांनी पाठवले.

हे असं होऊ शकत होतं याचा पुरावा दादाच्याच देशात होता. अमिरातीत व्हॉट्सअॅपवर लिहिता येतं, फोटो पाठवता येतात, पण त्यावरून बोलता येत नाही. तिथे नेटवरून बोलायची सेवा परवाना असलेल्या कंपन्यांमार्फतच द्यायची असा नियम आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्काइपही बंद झालं, आणि तिथल्या एतिसलात कंपनीने बोटिम अॅपसाठी महिन्याला पन्नास दिरहॅमचा प्लॅन काढला. आखातातल्या सगळ्या देशांत असं नाही. सौदीने २०१७ च्या सप्टेंबरमध्ये नेट कॉलवरची बंदी बरीच उठवली. पण शारजाच्या लेबर कॅम्पात आठ जण एका खोलीत राहतात, त्यांच्यासाठी पन्नास दिरहॅम म्हणजे घरी पाठवायच्या पैशांतले पन्नास दिरहॅम. आमच्याकडच्या बायका अजूनही नवीन फोन घेतला की पहिलं बोटिम टाकून मागतात.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. माझ्या दुकानापासून चिंचनाक्याच्या दिशेने रांग होती. आधार आणि अंगठा लावला की सिम. कोळणींचे, शेतात राबणाऱ्या बायकांचे ठसे उमटेनात, रेषा झिजलेल्या. मी त्यांना खोबरेल तेल लावून बोट चोळायला सांगायचे, पाच-सहा वेळा प्रयत्न करायचे. २०१८ पर्यंत जीबीची सरासरी किंमत बारा रुपयांच्या आत आली. तो काळ मी डोळ्यांनी पाहिला आणि त्याचं कौतुक मी मनापासून करते. आई ओट्यावर मिठाच्या बरणीला फोन टेकवून ठेवायची आणि भाकऱ्या थापायची. पलीकडे दादा कपड्यांना इस्त्री करत असायचा. दोघं काही बोलत नसत. मधेच ती म्हणायची, "दूध उतू गेलं," आणि तो म्हणायचा, "गॅस बारीक कर." अर्धा-अर्धा तास. मी बाजूला बसून बघायचे आणि मला ते चिमटा काढलेलं बाळ आठवायचं. गप्प बसणं परवडायला लागलं होतं.

ते फार टिकलं नाही. २०१८ च्या शेवटी मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्ज आणलं. अठ्ठावीस दिवसांना पस्तीस रुपये, नाहीतर आधी आउटगोइंग आणि मग इनकमिंग बंद. आईच्या लाइफटाइम सिमचा जन्म तिथे संपला. ती तेव्हा हयात होती, सिमही चालू होतं, पण पस्तीस रुपये भरावे लागले. मग दर चढत गेले, २०१९ मध्ये, २०२१ मध्ये, जुलै २०२४ मध्ये. जुलै २०२४ च्या वाढीत एअरटेलचा सर्वांत खालचा प्लॅन १७९ वरून १९९ झाला, जिओचा रोजच्या दीड जीबीचा २३९ वरून २९९. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरल्याने वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. ट्रायने २०२२ मध्ये तीस दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवा असं सांगितलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये डेटा नसलेले, नुसते बोलण्याचे प्लॅनही द्या असा आदेश काढला. आदेश चांगला आहे. पण त्यातही आगाऊ भरायचे ते बोलण्याचे. नुसतं ऐकणाऱ्यासाठी काही नाही.

जीबीचा भाव आपल्याकडे आजही जगातल्या बऱ्याच देशांपेक्षा कमी आहे, हे मी नाकारत नाही. ज्याला रोज दीड जीबी लागतो त्याला तो स्वस्तच आहे. पण माझ्या दुकानात येणाऱ्यांत असे पुष्कळ आहेत ज्यांना दीड जीबी नको, पन्नास एमबी हवेत, तेही रविवारी. पूर्वी नुसतं दहा रुपयांचं व्हाउचर मारून तितकंच बोलता यायचं. आता मोठं पोतं विकत घ्या, नाहीतर दार बंद. बूथवर मिनिटाचे पैसे जास्त होते, पण ज्या महिन्यात फोन केला नाही त्या महिन्यात एक पैसाही लागत नव्हता, आणि आलेला फोन त्या महिन्यातही घेता येत होता.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. माझ्या दुकानात छतापाशी गेलं. वीज गेली, मागोमाग टॉवर गेले. सगळ्यांच्या फोनात पॅक भरलेले होते आणि एकाचाही फोन लागत नव्हता. दादाला दोन दिवस आमचा पत्ता नव्हता. पाणी ओसरल्यावर झेरॉक्सचं मशीन गेलं, बूथच्या काळातली रजिस्टरं चिखलाचा गोळा होऊन गेली. माळ्यावरचा मीटर तेवढा राहिला, आणि त्याच्याखाली दाबून ठेवलेली एक वही, १९९६ ची. शाई फुटली आहे, पण नंबर वाचता येतात. सगळे ९६ आणि ९७ ने सुरू होणारे.

त्या चाचींचं १९९ चं रिचार्ज मी मारलं. त्यातला डेटा त्यांचा फोन वापरूच शकत नाही, आणि एकही कॉल त्या करणार नाहीत. पाच मिनिटांनी फोन वाजला. मुलगाच होता, आठवडाभर लावत होता. चाची दुकानाच्या पायरीवर बसून बोलल्या.

करील त्याने भरावं हा नियम या देशाने २००३ मध्ये एकदा मान्य केला होता. तो पुन्हा मान्य व्हायला हवा. मुदत संपली तरी फोन घेता आला पाहिजे, त्यासाठी कोणाकडून काही घेऊ नये. ते होईपर्यंत, गावाकडे तुमचं कोणी नुसतं फोन घेणारं असेल, तर त्यांच्या रिचार्जची तारीख आजच विचारून घ्या आणि तुमच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा.